गुन्हा कोणता, हे ठरवणार कोण?



गिरणीच्या गेटवर, लोकलच्या डब्यात, चाळीच्या ओट्यावर एक बोलणे वारंवार कानावर येते. कुठे खून पडला, कुठे गळ्यातली माळ तोडली, कुठे पोरीबाळीवर हात पडला, की कोणीतरी म्हणतोच, "ह्या देशाला कडक हात पाहिजे. लगाम एकाच्या हातात द्या. ही कोर्टं, हे पेपरवाले, हे मोर्चे जरा बंद ठेवा, म्हंजे बघा गुंड कसे सरळ होतात ते!"

बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याची लेक रात्री उशिरा कामावरून घरी यायची असते. गल्लीत दिवा नसतो. ठाण्यावर गेला तर हवालदार फिर्याद लिहून घेत नाही. त्याची भीती खरी आहे. म्हणून त्याला हसून चालणार नाही, त्याच्यापुढे हिशेब मांडला पाहिजे. जिथे सगळा लगाम एकाच हातात होता तिथे गुन्हे थांबले काय? आणि तिथे गुन्हेगार म्हणून कोणाला धरले?

हिशेबासाठी आम्ही सोव्हिएत रशिया घेतला आहे, आणि तो मुद्दाम घेतला आहे. राजेरजवाड्यांचे किंवा हिटलरचे राज्य घेतले असते तर तुम्ही म्हणाला असता, तिथे गरिबाला न्याय कुठला! पण रशियातले राज्य कामगाराच्या नावाने चालत होते. झेंड्यावर विळा-हातोडा होता. जमीनदार गेला, गिरणीमालक गेला, शाळा-दवाखाने झाले, 1945 साली त्या लोकांनी हिटलरला गाडले. हे सारे खरे आहे. आपल्यातल्या कित्येकांच्या बापजाद्यांनी त्या झेंड्याकडे आशेने पाहिले, तेही खोटे नाही. पण 1991 साली ते राज्य कोसळले आणि त्याच्या आगेमागे त्याची दप्तरे उघडली. त्यांत काय निघाले, ते कामगारानेच कामगाराला सांगितले पाहिजे. मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरे.

सरवा वेचला, दहा वर्षे!

पीक कापून झाल्यावर रानात पडलेली कणसे गोरगरिबांच्या बायका वेचतात. आपल्या गावी त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईला कोणी चोर म्हणत नाही.

7 ऑगस्ट 1932 रोजी स्टालिनच्या सरकारने हुकूम काढला. सामुदायिक शेतावरचे धान्य ही समाजाची मालमत्ता. ती जो चोरील त्याला गोळी, आणि दया दाखवायचीच झाली तर दहा वर्षे कैद. वर आणखी अट, की ह्या कैद्यांना माफी मिळणार नाही. लोकांनी ह्या हुकमाला नाव दिले, "पाच कणसांचा कायदा". पहिल्या पाच-सहा महिन्यांतच ह्या कायद्याखाली लाखाच्या आसपास माणसांना शिक्षा झाल्या.

आता तो काळ कोणता, तेही ऐका. 1932-33 चा दुष्काळ. युक्रेनमध्ये, कुबान आणि डॉन नद्यांच्या खोऱ्यांत माणसे लाखोंनी उपाशी मेली. धान्य पिकलेच नव्हते असे नव्हे. ठरावीक वसुली झालीच पाहिजे म्हणून सरकारी माणसांनी कोठारे झाडून नेली. गाड्या भरभरून धान्य नेले ती "वसुली" झाली, आणि पोराला भूक लागली म्हणून बाईने ओच्यात चार कणसे घातली ती "चोरी" झाली!

कायदा तोच लिहितो, धान्य तोच नेतो आणि न्यायाधीशही त्याचाच. मग बाईने फिर्याद कोणाकडे करायची?

वीस मिनिटे उशीर

आता आपल्या रोजच्या कामाची गोष्ट घ्या. आपल्याकडे भोंगा चुकला तर काय होते? लेटमार्क पडतो. फार तर मास्तर परत पाठवतो, खाडा लागतो, त्या दिवसाचा पगार बुडतो. वाईटच ते. पण त्यासाठी कोणी कोर्टात उभे करीत नाही.

26 जून 1940 रोजी मॉस्कोहून दुसरा हुकूम निघाला. कामाचा दिवस सातावरून आठ तासांचा झाला. साहेबाच्या परवानगीशिवाय नोकरी सोडणे हा गुन्हा ठरला, शिक्षा दोन ते चार महिने तुरुंग. आणि सबळ कारणाशिवाय खाडा हाही गुन्हा, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत त्याच जागी सक्तीचे काम आणि पगारातून पंचवीस टक्क्यांपर्यंत कपात. खाडा म्हणजे किती? वीस मिनिटांच्या वर उशीर झाला की खाडा!

कारखान्याच्या मुख्याने दया येऊन नाव कळवले नाही, तर खटला त्याच्यावर. म्हणून मुख्य कामगाराला भ्यायचा, कामगार मुख्याला भ्यायचा, आणि दोघेही कोर्टाला भ्यायचे. हा हुकूम 1956 साली उठला. तोवर त्याच्याखाली झालेल्या शिक्षांचा आकडा एक कोटीच्या वर गेला होता. विचार करा, एक कोटी "गुन्हेगार"! त्यांत खुनी किती? दरोडेखोर किती? घरी आजारी पोर असलेल्या बाया, आणि ह्या कारखान्यातून त्या कारखान्यात दोन पैसे जास्त मिळतात म्हणून जाऊ बघणारे तरणे पोरगे, हेच त्यांत होते. आपण त्यांना शेजारी म्हटले असते, सोबती म्हटले असते.

नोवोचेर्कास्कचा भोंगा

स्टालिन 1953 साली मेला. पुढे ख्रुश्चेव्ह आला, बऱ्याच कैद्यांना सोडले, हवा जरा मोकळी झाली. मग तरी कामगाराला तोंड उघडता आले काय? डॉनच्या खोऱ्यात नोवोचेर्कास्क म्हणून गाव आहे. तिथे रेल्वेची विजेची इंजिने बनवण्याचा मोठा कारखाना. तिथे 1962 साली काय घडले ते सांगतो.

त्या वर्षी कारखान्यात कामाचे दर कापले होते. उक्त्या कामावरच्या माणसाची कमाई तीस टक्क्यांपर्यंत उतरली. दर कापले की काय होते हे साच्यावरच्या माणसाला सांगायला नको. त्यातच 1 जूनला सकाळी रेडिओवर बातमी आली, मांस तीस टक्क्यांनी महाग, लोणी पंचवीस टक्क्यांनी महाग. ओतकाम खात्यातले कामगार जमले आणि मुख्याला विचारू लागले, "साहेब, आता जगायचे कसे?" मुख्य म्हणाला, की मांस परवडत नसेल तर कलेजी भरलेल्या पुऱ्या खा! असे बोलल्याची हकीकत तिथल्या कित्येकांनी सांगितली आहे.

झाले! खाते बाहेर पडले. कारखान्याचा भोंगा वाजवला. भोंगा वाजत राहिला तशी खात्यामागून खाती बाहेर आली. रुळावर माणसे उभी राहिली, गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी, 2 जूनला, हजारो माणसे गावात चालत निघाली. बायका होत्या, पोरे होती. हातात काय होते? लाल झेंडे आणि लेनिनची तसबीर! कामगाराचे राज्य, कामगाराचा झेंडा, आणि कामगार आपल्याच सरकारला विचारायला चालला होता.

वाटेत पुलावर रणगाडे उभे होते. तिथला सेनापती शापोश्निकोव्ह. त्याला हुकूम आला, जमावावर चाल करा. त्याने ऐकले नाही. समोर शत्रू नाही, आपलीच माणसे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याने आपल्या शिपायांच्या बंदुका रिकाम्या करवल्या. माणसे रणगाड्यांवर चढून पलीकडे गेली. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याला सैन्यातून घालवले, 1967 साली पक्षातून काढले, आणि 1988 साली, तो म्हातारा झाल्यावर, त्याचे बरोबर होते असे मान्य झाले.

गावातल्या पक्षकचेरीपुढच्या चौकात दुसरी फौज उभी होती. तिने गोळ्या झाडल्या. 26 माणसे मेली, 87 जखमी झाली. मॉस्कोहून आलेले पक्षाचे बडे पुढारी, मिकोयान आणि कोझलोव्ह, त्या वेळी त्याच गावात होते.

आता पुढे काय झाले ते नीट वाचा, कारण ह्या लेखाचे मर्म तिथे आहे.

चौकातले रक्त पाण्याच्या बंबांनी धुतले. धुऊन निघेना, तेव्हा वरून नवे डांबर घातले. तरुणांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला. प्रेते घरच्यांना दिली नाहीत. रातोरात नेऊन दूरदूरच्या दफनभूमींत पुरली, आणि पुरणाऱ्यांकडून कुठे बोलणार नाही अशा सह्या घेतल्या. पेपरात एक अक्षर आले नाही. गुप्त पोलिसांनी मोर्चाचे फोटो काढले होते. त्यात पुढे दिसणाऱ्या माणसांच्या तोंडांवर खुणा करून एकेकाला घरून उचलले. शंभराहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. सात जणांना गोळी घातली. आरोप कोणता? दंगल आणि दरोडेखोरी!

दरोडेखोरी, बंधूंनो! दर कापले म्हणून विचारायला गेलेला माणूस दरोडेखोर. आणि गोळी झाडायचा हुकूम देणाऱ्यांवर तेव्हा एक चिठ्ठीसुद्धा निघाली नाही.

पेत्र सिउदा नावाचा एक कामगार त्या संपात होता. बारा वर्षांची शिक्षा झाली, चार वर्षांनी सुटला. सुटल्यावर त्याने जन्मभर एकच काम केले. कोण मेले, कुठे पुरले, याचा माग काढीत राहिला. 1990 साली तो वारला. 1992 साली ती प्रेते सापडली आणि 1994 साली नोवोचेर्कास्कला आणून त्यांचे नीट दफन केले. बत्तीस वर्षांनी! शिक्षा झालेल्यांची नावेही त्याच दशकात निर्दोष म्हणून कागदावर आली. पण गोळी घातलेले सात जण काही परत आले नाहीत.

आणि खरा खुनी?

आता आपला तो भ्यालेला माणूस म्हणेल, "ठीक आहे, कामगारावर जुलूम झाला. पण चोर-खुनी तरी धाकात राहिले असतील ना?"

हाही हिशेब त्याच डॉनच्या मुलखात सापडतो. नोवोचेर्कास्कपासून थोड्याच अंतरावर शाख्ती नावाचे कोळसा-खाणींचे गाव आहे. डिसेंबर 1978 मध्ये तिथे एका नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. खून करणारा चिकातिलो नावाचा माणूस. शिकलेला, कामावर जाणारा, पक्षाचा सभासद. त्याच्यावर संशय घ्यायला कारणे होती. त्याच्या झोपडीजवळ रक्ताचे डाग मिळाले होते, आणि मुलीबरोबर दिसलेल्या माणसाचे वर्णन त्याच्याशी जुळत होते. पोलिसांनी त्याला विचारपूसही केली होती.

पण त्याच वस्तीत क्राव्चेन्को नावाचा एक तरुण राहात होता. पूर्वी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला. पोलिसांना तो सोपा पडला. त्याच्या बायकोवर दाब टाकून त्या दिवशी तो घरी होता ही तिची साक्ष फिरवून घेतली, त्याच्याकडून कबुली घेतली, आणि तपास बंद! पहिल्यांदा फाशीची शिक्षा, मग ती कमी करून पंधरा वर्षे कैद, मग पुन्हा खटला आणि पुन्हा मृत्युदंड. 1983 साली त्याला गोळी घातली. पुढे तोही निर्दोष ठरला. मेल्यावर.

इकडे चिकातिलो मोकळा. 1978 पासून 1990 पर्यंत बारा वर्षे तो बायका-पोरे मारीत राहिला. स्टेशनावर, मोटारींच्या थांब्यावर एकटे पोर दिसले की गोड बोलून रानात न्यायचा. 1984 साली तो एकदा हाती लागला होता. पिशवीत सुरी आणि दोरी सापडली. पण रक्ताच्या तपासणीचा मेळ बसला नाही म्हणून सोडला. दुसऱ्याच किरकोळ चोरीबद्दल थोडे दिवस आत ठेवला आणि पुन्हा बाहेर. त्यानंतरही त्याने कितीतरी जीव घेतले. मधल्या काळात पोलिसांनी डोक्याने अधू असलेल्या पोरांना धरून त्यांच्याकडून कबुल्या लिहून घेतल्या होत्या. पोरे आत आणि खून बाहेर चालूच! शेवटी नोव्हेंबर 1990 मध्ये एका साध्या पोलीस शिपायाने त्याला स्टेशनाजवळच्या रानातून बाहेर येताना पाहिले आणि नाव टिपून ठेवले. त्यावरून तो नोवोचेर्कास्क गावातच पकडला गेला. 1992 साली कोर्टाने त्याला 52 खुनांबद्दल दोषी ठरवले.

उशिरा येणाऱ्या कामगाराची वीस मिनिटे ज्या राज्याने मोजली, मोर्चातला एकेक चेहरा फोटोत शोधून काढला, त्या राज्याला बारा वर्षे हा माणूस सापडला नाही! असे का झाले?

पहिले कारण पेपर. समाजवादी देशात असले खुनी जन्मत नाहीत, ते भांडवलशाहीचे पाप, असे सरकारचे म्हणणे होते. मग खुनी आहे हे छापायचे कसे? गुन्ह्यांचे आकडेही कित्येक वर्षे गुपित होते. डॉनच्या खोऱ्यातल्या आईला जर पेपरात वाचायला मिळाले असते, की स्टेशनावर एकट्या पोराला पाठवू नका, तर किती पोरे वाचली असती! तिला कोणी सांगितलेच नाही. राज्याची अब्रू झाकायला पोरांचे जीव गेले.

दुसरे कारण कबुली. वरून विचारणा एकच, शंभरातले किती गुन्हे उलगडले? आकडा दाखवायचा असेल तर खरा गुन्हेगार शोधण्यापेक्षा कबूल करणारा माणूस मिळवणे सोपे. आणि मारून-दाबून कबुली घेतली म्हणून पोलिसाला विचारणारे स्वतंत्र कोर्ट नाही, मालकाला किंवा सरकारला न भिणारा वकील नाही, ओरडणारी संघटना नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे. ज्या पोलिसाला सरकारच्या विरोधकावर नजर ठेवायचे काम पहिले, त्याला तुमच्या पोरीची राखण हे काम दुसरे. पगार आणि बढती पहिल्या कामावर मिळते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कडक राज्य म्हणजे सुरक्षित राज्य नव्हे. गुन्हा कोणता हे ठरवण्याची सत्ता एकाच हातात गेली आणि त्या हाताला जाब विचारणारा कोणी उरला नाही, की भुकेला माणूस चोर ठरतो, संपवाला दरोडेखोर ठरतो, आणि खरा खुनी गर्दीत मिसळून चालत राहतो.

आपल्या घरातले

हे रशियाचे झाले, आपले काय? आपले घरही धुतल्या तांदळाचे नाही.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमक्या जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार! हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली, आणि आतली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. ज्या साच्यावर एक कामगार मोकळा माणूस म्हणून उभा होता, त्याच्याच शेजारच्या साच्यावर दुसरा जन्मानेच गुन्हेगार होता. हा कायदा देशातून 1952 साली उठला. त्या जमातींकडे पाहण्याची पोलिसाची नजर मात्र त्या दिवशी उठली नाही.

1938 साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. संप बेकायदा ठरला तर संपवाल्याला तुरुंग. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडले, की काम थांबवणे हा फार तर दिवाणी मामला आहे. त्याला गुन्हा ठरवून तुरुंगात घालणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे. 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते एक झाले आणि मुंबईच्या गिरणी कामगाराने एक दिवस संप केला. गुन्हा कोणता हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका, एवढेच त्या संपाचे सांगणे होते.

आणि 25 जून 1975! आणीबाणी आली. पुढारी खटल्याविना आत गेले, पेपरवर सेन्सॉर बसला, संपाचे नाव काढायची सोय राहिली नाही. तेव्हाही हेच ऐकू येत होते, की बघा, गाड्या कशा वेळेवर धावतात! गाड्या धावत होत्या, आणि त्याच वर्षी कामगाराचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला. कोणी ओरडले काय? ओरडणारे आत होते. 1977 च्या मार्चमध्ये मताची पेटी पुढे आली तेव्हा लोकांनी त्या सरकारला घरी बसवले.

गोळीबार तर आपणही पाहिला आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी 1955-56 साली मुंबईत माणसे पडली, त्यांत गिरणी कामगार होते. इथले सरकार कनवाळू होते असे आम्ही म्हणत नाही. पण इथे डांबर घालून ते झाकता आले नाही. सभा भरत होत्या, विरोधातले पेपर छापून येत होते, कायदेमंडळात जाब विचारणारे बसले होते. 1957 च्या निवडणुकीत लोकांनी पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना धूळ चारली. फ्लोरा फाउंटनचा चौक हुतात्मा चौक झाला, हुतात्म्यांची नावे दगडावर कोरली गेली. नोवोचेर्कास्कच्या माणसांना साधी कबर मिळायला बत्तीस वर्षे लागली. दोन्हीकडे सरकारने गोळ्या घातल्या. फरक पडला तो लोकांच्या हातात काय उरले होते यामुळे.

मग करायचे काय?

आपल्याला गुंडाचा बंदोबस्त हवाच आहे. तो मागूच. गल्लीत दिवा मागू, रातपाळीच्या बायकांसाठी सोय मागू, फिर्याद लिहून न घेणाऱ्या ठाण्यावर मोर्चा नेऊ. पण त्याच्या बदल्यात कोर्ट, पेपर, मोर्चा, युनियन, मत यांतले एकही देणार नाही. कारण पोलीस कामचुकारपणा करतो तेव्हा त्याला जागा करायची हत्यारे हीच आहेत.

कोणाला गुन्हेगार म्हटल्याचे कानावर आले, मग तो सरकार म्हणो, मालक म्हणो की शेजारी म्हणो, टाळी वाजवण्यापूर्वी इतके विचारायचे:

आरोप नक्की कोणता, आणि फिर्यादी कोण?

कबुलीशिवाय दुसरा पुरावा काय?

खटला उघड्या कोर्टात चालतो काय, आणि त्याला वकील मिळाला काय?

पेपरला दोन्ही बाजू छापता येतात काय?

आणि उद्या हे खोटे निघाले, तर हुकूम देणाऱ्याला जाब विचारायची वाट आहे काय?

चाळीत चोर सापडला तर त्याला खांबाला बांधून मारू नका. चौघे मिळून ठाण्यावर न्या, फिर्याद नोंदवल्याशिवाय उठू नका. ज्याला आज तुम्ही मारता तो उद्या क्राव्चेन्को निघाला तर त्याचा जीव कोण परत देणार?

आणि एक कडू बोल आपल्यांसाठी. हे पाच प्रश्न युनियनच्या कचेरीतही चालले पाहिजेत. वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्या कामगाराला "मालकाचा हस्तक" म्हणून गेटबाहेर काढणारा पुढारी लाल झेंड्याखाली बसला असला, भगव्याखाली बसला असला किंवा तिरंग्याखाली बसला असला, तरी तो त्याच वाटेने चालला आहे. नोवोचेर्कास्कच्या मुख्याच्या कचेरीवरही लालच झेंडा होता. झेंडा आपला आहे एवढ्यावर भागत नाही. त्या झेंड्याखाली उभे राहून आपल्याला प्रश्न विचारता आला पाहिजे.

पुढच्या गेटसभेत हा अंक घेऊन या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आणि जो म्हणतो "कडक हात पाहिजे", त्याच्याशी भांडू नका, त्याला शेजारी बसवा आणि शाख्तीच्या त्या पोरीची हकीकत सांगा. त्यालाही पोरगी आहे. त्याला समजेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!